विश्लेषण : रक्तगट दोनदा, दोन बाजूंनी का तपासतात? कार्ल लँडस्टायनर यांचा नियम आणि मुंबईत सापडलेला फसवा 'ओ'

वाशिम जिल्ह्यातल्या एखाद्या गावात शिवजयंतीला किंवा गणेशोत्सवात रक्तदान शिबिर भरते. दात्याच्या बोटातून थेंब घेतला जातो, पांढऱ्या टाइलवर किंवा काचपट्टीवर औषधाच्या थेंबांत मिसळला जातो आणि मिनिट-दोन मिनिटांत गट सांगितला जातो. तोच गट पुढे शाळेच्या ओळखपत्रावर, वाहन परवान्यावर, कधी मोटारसायकलच्या मागच्या बाजूलाही लिहिला जातो. रक्तपेढी मात्र त्या उत्तरावर विसंबत नाही. तिथे त्याच दात्याचे रक्त नव्याने तपासले जाते, तेही दोन बाजूंनी. एकदा त्याच्या लाल पेशी, एकदा त्याचे सीरम. दोन्ही उत्तरे जुळली तरच पिशवीवर गटाचे लेबल लागते. ती जुळली नाहीत तर त्याला 'एबीओ विसंगती' म्हणतात आणि उलगडा होईपर्यंत पिशवी बाजूला राहते. या पडताळणीचे मूळ सव्वाशे वर्षांपूर्वीच्या व्हिएन्नातील एका डॉक्टरच्या कामात आहे. त्यांचे नाव कार्ल लँडस्टायनर. १४ जून हा त्यांचा जन्मदिवस जगभर रक्तदाता दिन म्हणून पाळला जातो.

कोण होते लँडस्टायनर?

त्यांचा जन्म १४ जून १८६८ चा, व्हिएन्नाजवळच्या बाडेन गावातला. वडील लिओपोल्ड नावाजलेले पत्रकार आणि वृत्तपत्राचे प्रकाशक होते. कार्ल सहा वर्षांचे असताना वडील गेले आणि आई फॅनी यांनी त्यांना वाढवले. आईशी त्यांचे नाते इतके घट्ट होते की तिच्या मृत्यूनंतर घेतलेला तिच्या चेहऱ्याचा साचा त्यांनी आयुष्यभर भिंतीवर लावून ठेवला. स्वभाव अबोल, प्रसिद्धीपासून लांब राहण्याचा. पियानो मात्र ते उत्तम वाजवत.

१८९१ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठातून ते डॉक्टर झाले, पण दवाखाना थाटला नाही. पुढची काही वर्षे त्यांनी रसायनशास्त्र शिकण्यात घालवली. झुरिकला हान्च, वुर्झबर्गला एमिल फिशर आणि म्युनिकला बाम्बर्गर अशा मोठ्या रसायनतज्ज्ञांच्या प्रयोगशाळांत त्यांनी काम केले. डॉक्टरची पदवी घेऊन पुन्हा विद्यार्थ्यासारखे रसायने ढवळत बसणे तेव्हा अनेकांना उलटा प्रवास वाटला असेल. पुढे त्यांनी जे शोधले, त्यातले बरेचसे या शिक्षणाशिवाय शक्य नव्हते. रक्ताकडे ते वैद्याच्या नजरेने पाहत तसे रसायनतज्ज्ञाच्या नजरेनेही पाहत.

१८९८ पासून ते व्हिएन्नाच्या विकृतिशास्त्र संस्थेत वाइखसेलबाउम यांचे सहायक होते. काम शवविच्छेदनाचे. दहा वर्षांत त्यांनी साडेतीन हजारांहून अधिक शवविच्छेदने केली. रक्तगटाचे संशोधन हे त्या नोकरीतले नेमून दिलेले काम नव्हते. ते त्यांनी उरलेल्या वेळात केले.

१९०१ च्या प्रयोगात नेमके काय होते?

माणसाचे रक्त माणसाला देण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकात होत होते. काही रुग्ण वाचत, काही तडफडून मरत, आणि कोण वाचेल हे कुणालाच आधी सांगता येत नसे. दोन माणसांचे रक्त मिसळले की कधी कधी लाल पेशी एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके होतात, हेही दिसले होते. हे पुंजके म्हणजे जखमेवर धरणारी गुठळी नव्हे. इथे पेशींवरचा एक पदार्थ आणि दुसऱ्याच्या सीरममधली अँटिबॉडी यांची गाठ पडते आणि पेशी ओवल्यासारख्या एकत्र येतात. तेव्हाच्या डॉक्टरांनी याचा अर्थ सरळ लावला होता. पुंजके होतात म्हणजे रक्त देणारा किंवा घेणारा आजारी असावा. काहींनी त्याला प्रयोगातील दोष मानून सोडून दिले.

लँडस्टायनर यांनी आजाऱ्यांऐवजी निरोगी माणसे घेतली. प्रयोगशाळेतले सहकारी आणि ते स्वतः, असे सहा जण. प्रत्येकाच्या रक्तातून सीरम आणि लाल पेशी वेगळ्या केल्या. मग प्रत्येकाचे सीरम प्रत्येकाच्या पेशींशी मिसळून पाहिले. सहा गुणिले सहा, म्हणजे छत्तीस जोड्या. यात स्वतःच्या सीरममध्ये स्वतःच्याच पेशी घातलेल्या सहा जोड्याही होत्या. त्या सहाही ठिकाणी काही घडले नाही. इतर जोड्यांत काही ठिकाणी पुंजके झाले, काही ठिकाणी नाही.

तक्ता मांडल्यावर त्यात शिस्त दिसली. काहींच्या पेशींवर एक पदार्थ होता, काहींच्या पेशींवर दुसरा, तर काहींच्या पेशींवर दोन्हींपैकी एकही नव्हता. त्यांनी या गटांना ए, बी आणि सी अशी नावे दिली. सी म्हणजे आजचा ओ, आणि लँडस्टायनर यांचे स्वतःचे रक्त त्याच गटाचे होते. १९०१ मध्ये व्हिएन्नाच्या वैद्यकीय साप्ताहिकात छापलेला हा लेख अवघ्या काही पानांचा आहे. त्याच्या अखेरीस रक्त देताना होणाऱ्या दुष्परिणामांचे कारण यात असू शकेल, एवढाच उल्लेख आहे. ज्या शोधाने पुढे कोट्यवधी माणसे वाचली, त्याची घोषणा इतक्या कोरड्या शब्दांत झाली.

चौथा गट कसा निसटला?

एकूण २२ जणांचे रक्त तपासूनही लँडस्टायनर यांना एबी गट दिसला नाही. कारण साधे होते. युरोपात हा गट फार थोड्यांचा असतो आणि २२ माणसांत तो नसणे सहज शक्य होते. १९०२ मध्ये त्यांचे सहकारी डेकास्टेल्लो आणि स्टुर्ली यांनी तपासणी वाढवली, तेव्हा तीन गटांत न बसणारी मोजकी माणसे सापडली. त्यांच्या पेशी ए आणि बी अशा दोन्ही सीरमने चिकटत होत्या, पण त्यांचे स्वतःचे सीरम कुणालाच चिकटवत नव्हते. आज शाळकरी मुलालाही ठाऊक असलेला एबी गट सुरुवातीला अपवाद म्हणूनच नोंदला गेला होता.

गटांची नावेही लगेच स्थिरावली नाहीत. यान्स्की यांनी १९०७ मध्ये गटांना एक ते चार आकडे दिले, त्यात ओ गट पहिला होता. मॉस यांनी १९१० मध्ये वेगळे आकडे दिले, त्यात ओ चौथा आणि एबी पहिला. म्हणजे एका रुग्णालयातला 'गट चार' दुसऱ्या रुग्णालयात नेमका उलट अर्थाचा. रक्ताच्या बाबतीत हा नुसता नामकरणाचा वाद नव्हता, रुग्णाच्या जिवाशी खेळ होता. १९२० च्या दशकाच्या अखेरीस अक्षरांची पद्धत सर्वत्र रुजली आणि हा घोळ मिटला.

लँडस्टायनर यांचा नियम काय सांगतो?

ए आणि बी हे पदार्थ म्हणजे लाल पेशीच्या पृष्ठभागावरील साखरेच्या छोट्या साखळ्या. ज्याच्या पेशींवर ए नाही, त्याच्या सीरममध्ये ए-विरोधी अँटिबॉडी असते. ज्याच्या पेशींवर बी नाही, त्याच्यात बी-विरोधी. ओ गटाच्या माणसात दोन्ही असतात, एबीच्या माणसात एकही नसते. पेशींवर जे नाही, त्याच्या विरोधातले सीरममध्ये असते, असा हा सरळ हिशेब आहे. वैद्यकात तो लँडस्टायनर यांच्या नावानेच ओळखला जातो.

यासाठी आधी दुसऱ्याचे रक्त घेतलेले असावे लागत नाही. आपल्या आतड्यात राहणाऱ्या जिवाणूंवरही तशाच साखरेच्या साखळ्या असतात आणि त्यांच्यामुळे लहानपणीच या अँटिबॉडी तयार होतात. म्हणूनच पहिल्यांदा रक्त घेणाऱ्या रुग्णालाही चुकीच्या गटाचे थोडेसे रक्त घातक ठरू शकते. आत गेलेल्या पेशी रक्तवाहिनीतच फुटतात, रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडे बंद पडतात.

रक्तपेढीची दुहेरी चाचणी या नियमावरच उभी आहे. पहिल्या चाचणीत दात्याच्या पेशी घेऊन त्यांच्यावर काय आहे हे पाहतात. दुसरीत दात्याचे सीरम घेऊन, गट माहीत असलेल्या ए आणि बी पेशी त्यात घालतात आणि सीरममध्ये काय आहे हे पाहतात. एक उत्तर दुसऱ्याचे आरशातले रूप असायला हवे. दात्याच्या रक्ताची अशी दोन्ही बाजूंनी तपासणी भारतातील औषध नियमांनुसार रक्तपेढीवर बंधनकारक आहे. शिबिरातली टाइलवरची तपासणी फक्त पहिली बाजू पाहते.

ही सोय आरएचसारख्या इतर गटांना नाही. आरएच निगेटिव्ह माणसात आरएच-विरोधी अँटिबॉडी आपोआप तयार होत नाही. त्यामुळे तिथे सीरमकडून उलटतपासणी करता येत नाही. निसर्गाने स्वतःची साक्ष दोनदा द्यावी, हे भाग्य ठळकपणे एबीओच्याच वाट्याला आले आहे.

उत्तरे जुळली नाहीत तर?

पहिला संशय रक्तावर नव्हे, माणसांवर घेतला जातो. नळीवरचे नाव बदलले का, दोन दात्यांचे नमुने अदलाबदल झाले का, औषध मुदतबाह्य आहे का, नोंदवहीत लिहिताना रकाना चुकला का. म्हणून पहिली पायरी म्हणजे नवा नमुना घेऊन चाचणी पुन्हा करणे. बऱ्याच विसंगती इथेच मिटतात.

तरीही उत्तर तेच आले, तर वय आणि इतिहास विचारतात. नवजात बाळाच्या शरीरात स्वतःच्या अँटिबॉडी पहिल्या काही महिन्यांत तयार झालेल्या नसतात, त्यामुळे सीरमची बाजू गप्प राहते. फार वृद्ध माणसांत त्या क्षीण होतात. काही दिवसांपूर्वी दुसऱ्या गटाचे रक्त मिळाले असेल, तर नळीत दोन प्रकारच्या पेशी दिसतात, काही चिकटलेल्या तर काही सुट्या. रक्ताच्या कर्करोगात पेशींवरील ए किंवा बी इतके फिके होऊ शकतात की चाचणीत नीट दिसत नाहीत. रक्तात प्रथिने फार वाढली असतील तर पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक बसतात आणि खऱ्या पुंजक्यांचा भास होतो. सीरम काढून त्या जागी सलाइन घातले की चळत मोडते, खरा पुंजका मात्र तसाच राहतो.

थंडीचे प्रकरण लँडस्टायनर यांच्या स्वतःच्या कामाशी जोडलेले आहे. काही माणसांच्या रक्तात अशा अँटिबॉडी असतात ज्या फक्त कमी तापमानाला स्वतःच्याच पेशींना चिकटतात. १९०४ मध्ये लँडस्टायनर आणि डोनाथ यांनी अशाच एका विकाराचे कोडे सोडवले. थंडीत फिरून आल्यावर काही रुग्णांची लघवी लाल का होते, हे कोणाला कळत नव्हते. अँटिबॉडी थंडीत पेशीला चिकटते आणि शरीर पुन्हा उबदार झाले की पेशी फुटते, असे त्यांनी दाखवले. ती चाचणी आजही त्या दोघांच्या नावाने केली जाते. वाशिमच्या मे महिन्यात थंडीचा प्रश्न कसला, असे वाटेल. पण नमुना फ्रिजमधून बाहेर आलेला असतो. अशा वेळी नळी ३७ अंशांवर, म्हणजे शरीराच्या तापमानाला, गरम करून आणि पेशी कोमट सलाइनने धुऊन चाचणी पुन्हा करतात.

आणखी एक दुवा आपल्या स्वयंपाकघरातला आहे. ए गटाचेही पोटप्रकार आहेत. त्यातल्या ए-टू प्रकारच्या काही माणसांत ए-वन पेशींच्या विरोधात अँटिबॉडी असते, म्हणजे पेशी 'ए' म्हणतात आणि सीरम ए-पेशींनाच चिकटवते. हा गुंता सोडवायला कुळथाचा, म्हणजे हुलग्याचा, अर्क वापरतात. योग्य प्रमाणात पातळ केल्यावर तो ए-वन पेशींचे पुंजके करतो, ए-टूचे नाही. जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी कुळथाचा हा गुण १९५१ मध्ये 'करंट सायन्स' या भारतीय नियतकालिकात मांडला. बियांमधल्या अशा पदार्थांवर लँडस्टायनर यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच काम केले होते. वेगवेगळ्या प्राण्यांच्या पेशींना या बिया वेगवेगळा प्रतिसाद देतात, हे त्यांनी नोंदवून ठेवले होते.

व्हिएन्ना का सुटले?

१९०८ मध्ये ते व्हिएन्नाच्या विल्हेल्मिना रुग्णालयात गेले. त्याच सुमारास एर्विन पॉपर यांच्यासोबत त्यांनी पोलिओने मरण पावलेल्या मुलाच्या मज्जारज्जूचा अंश माकडाला टोचून हा रोग संसर्गजन्य असल्याचे दाखवले. दुसऱ्या कुणाचे नाव केवळ एवढ्या कामावर टिकले असते. लँडस्टायनर यांच्या चरित्रात त्याला दोन ओळी मिळतात.

१९१६ मध्ये त्यांनी हेलेन व्लास्टो यांच्याशी विवाह केला, पुढच्या वर्षी मुलगा झाला. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाचे साम्राज्य कोसळले. व्हिएन्नात अन्नाची आणि जळणाची टंचाई होती, संशोधनाला पैसा नव्हता. १९१९ मध्ये ते कुटुंबासह नेदरलँड्समधील हेग शहरात गेले आणि एका छोट्या कॅथलिक रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करू लागले. पन्नाशी ओलांडलेला, रक्तगटांचा शोध लावलेला हा माणूस तिथे रोज लघवीच्या आणि रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या करत होता. त्यातूनही त्यांचे शोधनिबंध निघत राहिले.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेने त्यांना बोलावले आणि १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला ते अमेरिकेत आले. तिथे फिलिप लेव्हिन या तरुण सहकाऱ्यासोबत १९२७ मध्ये त्यांनी एम, एन आणि पी हे आणखी रक्तगट शोधले. या गटांच्या अँटिबॉडी सहसा माणसात आपोआप सापडत नाहीत, म्हणून माणसाच्या पेशी सशांना टोचून त्या मिळवाव्या लागल्या.

नोबेल पारितोषिक मिळाले १९३० मध्ये, १९०१ च्या लेखानंतर जवळपास तीस वर्षांनी. खुद्द लँडस्टायनर यांना मात्र अँटिबॉडी आपले लक्ष्य इतक्या अचूकपणे कशी ओळखते, याविषयीचे आपले रासायनिक काम अधिक मोलाचे वाटे. साध्या रेणूंमध्ये बारीक बदल करून त्यांनी दाखवले होते की अँटिबॉडी अगदी थोडा फरकही ओळखते. त्यांचा ग्रंथ याच विषयावर आहे.

१९४० मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी, अलेक्झांडर वीनर यांच्यासोबत त्यांनी आरएच घटक जाहीर केला. आपल्या रक्तगटापुढचे पॉझिटिव्ह-निगेटिव्ह तिथून आले. जून १९४३ मध्ये प्रयोगशाळेत काम करत असतानाच त्यांना हृदयविकाराचा झटका आला. दोन दिवसांनी, २६ जून रोजी, त्यांचे निधन झाले. त्याच वर्षअखेरीस पत्नी हेलेन याही गेल्या.

मुंबईत १९५२ मध्ये काय घडले?

लँडस्टायनर यांच्या नियमाची सर्वांत अवघड परीक्षा त्यांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी परळमध्ये झाली. केईएम रुग्णालय आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी सी. के. देशपांडे व एच. एम. भाटिया यांच्यासमोर असे रक्त आले, जे कोणत्याच गटाशी जुळेना. पेशी तपासल्या तर त्यांच्यावर ना ए, ना बी. म्हणजे ओ. सीरम तपासले तर ते ए आणि बी दोन्ही पेशींना चिकटवत होते. तेही ओलाच साजेसे. दोन्ही बाजू जुळत होत्या. पण हेच सीरम ओ गटाच्या पेशींचेही पुंजके करत होते.

ओ गटाच्या पेशी म्हणजे ज्यांच्यावर काहीच नाही, असे समजले जात होते. मग सीरम चिकटवत होते कशाला?

भेंडे यांच्या गटाने लंडनच्या लिस्टर संस्थेतील रेस, सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स या तज्ज्ञांसोबत हे काम पूर्ण केले आणि मे १९५२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तीन व्यक्तींचा वृत्तांत छापून आला. उलगडा असा, की ओ पेशीही कोऱ्या नसतात. त्यांच्यावर एच नावाचा पायाभूत पदार्थ असतो. ए आणि बी या एचवर एकेक साखर चढवून तयार होतात. साखर न चढलेला नुसता एच म्हणजे ओ. मुंबईत सापडलेल्या व्यक्तींच्या शरीरात हा पायाच बांधला जात नव्हता. पाया नाही म्हणून त्यावर ए-बीही नाहीत, आणि एच नाही म्हणून सीरममध्ये एच-विरोधी अँटिबॉडी. पेशींवर जे नाही त्याच्या विरोधातले सीरममध्ये, हा लँडस्टायनर यांचा नियम मोडला नव्हता. तो एक मजला खाली लागू होत होता.

१९५५ मध्ये अमेरिकेत असेच एक कुटुंब आढळले. ओ दिसणाऱ्या एका स्त्रीच्या अपत्यात बी गट उतरला होता. बी तिच्या जनुकांत होता, फक्त एचच्या अभावी पेशीवर दिसत नव्हता. हे काम करणारे संशोधक होते फिलिप लेव्हिन, न्यूयॉर्कच्या प्रयोगशाळेतले लँडस्टायनर यांचे तेच सहकारी. 'बॉम्बे' हे नाव या रक्तगटाला त्यांच्याच लेखाने चिकटले. शहराचे नाव बदलले तरी रक्तगटाचे बदललेले नाही.

या उदाहरणाला घरगुती बाजूही आहे. कागदावर नवरा-बायको दोघेही ओ आणि मूल मात्र बी, असे दिसले की संशय बाईवर जातो. त्या दोघांपैकी एकाचा ओ खरा ओ नसून बॉम्बे असू शकतो. फक्त टाइलवरच्या चाचणीच्या जोरावर कुणाच्या मातृत्व-पितृत्वाचा निवाडा करू नये, एवढे तरी यातून स्पष्ट आहे.

वाशिमच्या रक्तदात्याशी याचा संबंध काय?

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुके. मोठी रुग्णालये आणि विशेष तपासण्यांसाठी इथल्या माणसाला अजूनही अकोला, नागपूरकडे पाहावे लागते. समृद्धी महामार्गाने वेळ वाचवला आहे, तरी मुंबई पाचशे किलोमीटरहून दूर आहे. एखाद्या बाळंतिणीला रात्री रक्तस्राव सुरू झाला आणि तिचा गट ओ म्हणून नोंदलेला असला, तर साठ्यातली ओची पिशवी हा पहिला आधार. ती बाई बॉम्बे गटाची असेल, तर तीच पिशवी तिच्या जिवावर उठू शकते. गटाची खात्री होईपर्यंत ओ द्या, हा तातडीच्या वेळचा सर्वमान्य उपाय फक्त या रुग्णांच्या बाबतीत उलटा पडतो.

भारतात या गटाचे प्रमाण साधारण दहा हजारांत एक असे सांगितले जाते. युरोपात ते दहा लाखांत एकाच्या आसपास आहे. नात्यात लग्ने होणाऱ्या समाजांत तो अधिक आढळतो, कारण आई आणि वडील अशा दोघांकडूनही सदोष जनुक यावे लागते. वाशिमसारख्या दहा-बारा लाख लोकसंख्येच्या जिल्ह्यात, या हिशेबाने, अशी शंभरेक माणसे असू शकतात. त्यांतल्या बहुतेकांच्या ओळखपत्रावर ओ लिहिलेले असणार.

त्यांना ओळखण्याचा उपाय महागडा नाही. सीरमच्या चाचणीत ए आणि बी पेशींच्या दोन नळ्यांसोबत ओ पेशींची तिसरी नळी लावायची. खऱ्या ओ दात्याच्या सीरममध्ये ती नळी स्वच्छ राहते. तिच्यात पुंजके दिसले की काम सुरू होते. आधी दात्याचे सीरम त्याच्याच पेशींशी मिसळून पाहतात. १९०१ च्या तक्त्यातल्या त्या सहा निरुपद्रवी जोड्या इथे कामाला येतात. स्वतःच्या पेशीही चिकटल्या, तर शंका थंडीत जागणाऱ्या अँटिबॉडीची. स्वतःच्या चिकटल्या नाहीत आणि ओ पेशी चिकटल्या, तर एच आहे का हे तपासतात. त्यासाठी युरोपातल्या युलेक्स नावाच्या काटेरी झुडपाच्या बियांचा अर्क वापरतात. एच असेल तर पेशी चिकटतात, बॉम्बे गटाच्या पेशी मात्र सुट्याच राहतात.

दात्याच्या बाजूनेही चूक महागात पडते. बॉम्बे गटाच्या दात्याची पिशवी ओचे लेबल लावून गेली, तर तिच्यातल्या एच-विरोधी अँटिबॉडी ओ गटाच्या रुग्णाच्या पेशींवर चाल करू शकतात. उलट वेळीच ओळख पटली, तर तोच दाता अमूल्य ठरतो, कारण बॉम्बे गटाच्या रुग्णाला फक्त बॉम्बे गटाचेच रक्त चालते.

जिल्ह्याच्या पातळीवर न सुटणारे नमुने वरच्या प्रयोगशाळांकडे पाठवता येतात. मुंबईतील राष्ट्रीय इम्युनोहेमॅटॉलॉजी संस्था हे त्यातले महत्त्वाचे ठिकाण. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून ती सुरू केली, आणि ती आजही केईएमच्याच आवारात आहे. भेंडे यांच्यासोबत त्या मूळ लेखावर नाव असलेले डॉ. भाटिया पुढे याच केंद्राच्या कामाशी जोडले गेले.

बॉम्बे गटाचा दाता किंवा रुग्ण सापडला की रक्तपेढी पुढची विचारणा घरातल्यांची करते. आई-वडील सहसा साध्या गटाचे निघतात. सख्ख्या भावंडांत मात्र प्रत्येकी चारात एक शक्यता असते, म्हणून आधी त्यांना बोलावले जाते आणि त्यांच्या नमुन्यासाठीही तिसरी नळी लावली जाते.